दुखणं लिहायचं, पण दाखवायचं कुणाला?

व्हॉट्सॲपच्या गटांवर हल्ली महिन्याला एखादी तरी जाहिरात फिरत येते. लेखनातून मनःस्वास्थ्य, सात संध्याकाळी, झूमवर, अमुक लेखिकेसोबत, शेवटी ई-प्रमाणपत्र. चेष्टा करायची म्हटली तर प्रमाणपत्रापासूनच सुरुवात करता येईल. पण या वर्गांना बसणारी माणसं पाहिली की चेष्टा जिभेवरच राहते. नवरा जाऊन वर्ष झालेल्या बाई असतात, नोकरी सुटलेला पंचेचाळिशीचा गृहस्थ असतो, मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलेल्या आणि तिथे दिवसभर बोलायला कुणी नसलेल्या आजी असतात. यांतल्या बहुतेकांना लेखक व्हायचं नसतं. लिहिल्याने काहीतरी सुटतं असं त्यांच्या कानावर आलेलं असतं, आणि ते कसं करायचं हे लिहिणाऱ्यालाच विचारावं, हा त्यांचा हिशेब तसा सरळ आहे.

त्या हिशेबात तथ्य किती, हे पाहायला सामग्री भरपूर आहे. लिहिण्याच्या उपयोगावर चाळीस वर्षांचं संशोधन झालेलं आहे. वाचकाने लेखकाशी जोडून घेण्याचा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे. इंटरनेट तेवढं अलीकडचं. माझं मत आधीच सांगून टाकते. लिहिलेलं कुणाच्या हाती पडतं आणि किती दिवसांनी पडतं, यावर लिहिण्याचा गुण येणं न येणं बरंच अवलंबून असतं. नेमकी हीच गोष्ट या वर्गांत सर्वांत कमी बोलली जाते.

लिहिल्याने मन हलकं होतं ही समजूत प्रयोगशाळेत तपासून पाहिली ती जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. लग्नानंतरच्या सुरुवातीच्या काळात तो स्वतः उदासीत सापडला होता आणि रोज लिहीत गेल्यावर त्यातून बाहेर आला, असं त्याने सांगितलं आहे. पुढे एका पाहणीत त्याला असं दिसलं, की लहानपणी लैंगिक आघात सोसलेली आणि तो कुणालाच न सांगितलेली माणसं इतरांपेक्षा जास्त आजारी पडतात. आघाताइतकंच तो लपवून ठेवणंही शरीराला महाग पडतं की काय? हे तपासणारा त्याचा डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातला प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. सँड्रा बील ही त्याची सहकारी. ४६ विद्यार्थ्यांना त्यांनी ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी आपली खोली, पायातले बूट असल्या किरकोळ विषयांवर लिहायचं होतं. काहींनी आयुष्यातल्या सर्वांत वाईट प्रसंगाची नुसती हकिगत लिहायची, काहींनी फक्त त्याबद्दलच्या भावना, आणि एका गटाने दोन्ही. दोन्ही लिहिणारी मुलं लिहून उठली तेव्हा आधीपेक्षा खिन्न होती, त्यांचा रक्तदाबही चढला होता. पुढच्या सहा महिन्यांत मात्र विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या त्यांच्या खेपा इतरांपेक्षा कमी भरल्या.

हे सगळं एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की ‘लिहा आणि मोकळे व्हा’ म्हणताना यातलं काहीच शिल्लक राहत नाही. लिहून उठल्याबरोबर बरं वाटलं नाही. नुसतं भडाभडा ओतून भागलं नाही, काय घडलं तेही सांगावं लागलं. आणि त्या कागदांवर लिहिणाऱ्याला ओळखणारं कुणी शेरा मारणार नव्हतं, शाबासकी देणार नव्हतं.

मग प्रयोगांची रांगच लागली. डॅलसमध्येच नोकरीवरून काढलेल्या मध्यमवयीन इंजिनिअरांनी पाच दिवस लिहिलं, तर त्यांना न लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या. गंमत म्हणजे त्यांनी अर्ज किंवा मुलाखती जास्त केल्या नव्हत्या. जुन्या कंपनीवरचा राग मुलाखतीत बाहेर पडायचा, तो थांबला असावा, असा अंदाज संशोधकांनी केला. १९९९ साली जोशुआ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दमा आणि संधिवाताच्या रुग्णांना लिहायला लावलं. चार महिन्यांनी लिहिणाऱ्यांपैकी ४७ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांत २४ टक्के. न्यूझीलंडमधला २०१३ चा प्रयोग तर शब्दशः जखमेवरचा आहे. ६४ ते ९७ वर्षांच्या ४९ निरोगी वृद्धांनी तीन दिवस लिहिलं, मग त्यांच्या दंडावर चार मिलिमीटरची छोटी जखम करून ती कशी भरते त्याचे फोटो काढले. अकराव्या दिवशी मनातलं लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ७६ टक्के लोकांची जखम भरली होती, दुसऱ्या गटात ४२ टक्के. माणसं थोडी होती हे ध्यानात ठेवूनही आकडा विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू. २००६ साली जोॲन फ्रॅटारोलीने अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. फायदा होतो, असा निष्कर्ष निघाला, पण परिणामाची सरासरी अवघी ०.०७५ भरली. फुकटात, बिनडॉक्टरी, घरबसल्या करता येण्याजोग्या गोष्टीला हा आकडा वाईट नाही. पुस्तकाच्या वेष्टनावर छापावा असाही नाही. किमान तीन बैठका आणि प्रत्येक बैठक पंधरा मिनिटांची तरी असली तर गुण जास्त, असंही त्यात दिसलं. २०१८ च्या दुसऱ्या एका पुनरावलोकनात उदासीच्या लक्षणांवर टिकाऊ परिणाम सापडला नाही. ‘सिद्ध झालंय’ असं म्हणून कुणी वर्ग विकत असेल, तर एवढं ऐकून घ्यावं आणि मगच पैसे भरावेत.

सरासरीच्या मागे बरीच उलथापालथ लपते. काहींना खूप गुण येतो, काहींना काहीच नाही, आणि काहींना त्रास होतो. गुण येणाऱ्यांच्या लिखाणात काय वेगळं असतं? पेनबेकरने शब्द मोजणारी संगणकीय आज्ञावली तयार केली आणि कागद चाळले. ज्यांची तब्येत सुधारली त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ या जातीचे शब्द वाढत गेले होते. दुसरी गोष्ट २००३ च्या निबंधात आली. अशी माणसं सर्वनामं बदलत होती. एके दिवशी सगळं ‘मी, मला, माझं’, दुसऱ्या दिवशी ‘ती’, ‘ते’, ‘आम्ही’. चार दिवस एकाच खिडकीशी उभं राहून तेच पाहणाऱ्यांना फारसा गुण आला नाही.

मराठी वाचकाला हे ऐकून दोन पुस्तकं आठवायला हरकत नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे. एक माणूस चिरला, एका अर्ध्याने सोसलं आणि दुसऱ्या अर्ध्याने समोर बसून ऐकलं. शहरात नोकरी करणाऱ्या, कवी म्हणून नाव झालेल्या दया पवारांना दगडूची सगळीच आठवण सोयीची नव्हती, आणि ती अडचण पुस्तकात दिसत राहते. समीक्षकांनी या रचनेबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. मला ती लिहिणाऱ्याला जिवंत ठेवणारी व्यवस्थाही वाटते. ते सगळं सलग ‘मी’ म्हणून लिहिणं झेपलं असतं का, कोण जाणे.

दुसरं पुस्तक ‘श्यामची आई’. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. पुस्तक लिहिलं गेलं नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत. पेनबेकरच्या चार दिवसांच्या हे जवळ येतं तो योगायोग, त्यावरून काही सिद्ध होत नाही. लक्षात घेण्याजोगं आहे ते मधलं अंतर. पंधरा वर्षं ती गोष्ट आत होती, आणि आली तेव्हा आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री सांगितलेली गोष्ट म्हणून आली. श्रोता पुस्तकातच बसवलेला आहे. गावोगावच्या वाचकांनी हे पुस्तक डोळे पुसत वाचलं म्हणून ते ओतलेलं पुस्तक असावं असा समज होतो. रचना पाहिली तर प्रत्येक रात्रीला एक प्रसंग, एक वस्तू, एक शिकवण, असं ते नीट लावलेलं आहे.

आईवरून इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ आठवते. तिची आई १८९५ साली वारली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. चाळिशी उलटेपर्यंत आईचा आवाज कानात राहिला, आणि १९२७ चं ‘टू द लाइटहाउस’ लिहून झाल्यावर तो थांबला, असं तिने पुढे नोंदवलं. मनोविश्लेषक रुग्णासाठी जे करतात ते आपण स्वतःसाठी केलं असावं, असंही ती म्हणाली. लेखन-उपचाराच्या वर्गांत हा दाखला हमखास येतो. १९४१ साली तिने आत्महत्या केली, हे त्याच दमात सांगायला हवं आणि बहुधा सांगत नाहीत. एक गाठ सुटली म्हणजे आजार गेला असं होत नाही. वुल्फचा आजार वेगळा होता, मोठा होता, आणि त्याला औषधाची गरज होती, जे तेव्हा नव्हतं.

त्रास कुणाला होतो, त्याकडे येऊ. रस्त्यावरच्या अपघातात सापडलेल्यांना इस्पितळातच एकदा बसवून सगळं बोलायला लावायचं, अशी पद्धत एकेकाळी चालू होती. ब्रिटनमधल्या अशा रुग्णांना तीन वर्षांनी पुन्हा गाठलं तेव्हा बोलतं केलेल्यांची अवस्था इतरांपेक्षा वाईट निघाली. २००० साली हे प्रसिद्ध झाल्यावर ती पद्धत मागे पडत गेली. मार्क सीरी आणि सहकाऱ्यांचा २००८ चा अभ्यास आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे, कारण तो ऑनलाइन पाहणीवर उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लगेच दोन हजारांहून अधिक अमेरिकी लोकांच्या पडद्यावर एक रिकामी चौकट आली. मनात काय चाललंय ते वाटल्यास लिहा. काहींनी लिहिलं, काहींनी चौकट कोरी सोडली. पुढची दोन वर्षं सर्वांच्या तब्येतीची विचारपूस होत राहिली. कोरी सोडणारे बरे राहिले. जास्त लांब लिहिणाऱ्यांना जास्त त्रास झाला होता. याचा अर्थ लिहिल्यामुळे त्रास झाला असा नाही. मुळात जास्त हादरलेल्यांनीच जास्त लिहिलं असेल. पण ‘गप्प बसणारा आतून कुढतोय, त्याला बोलता करा’ हा आपल्याकडचा ठाम समज त्यातून डळमळतो खरा.

तिसरा इशारा घटस्फोटितांचा. २०१३ साली डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकतेच विभक्त झालेल्या ९० लोकांना लिहायला लावलं. ‘हे असं का झालं’ याचा अर्थ लावण्यात जे आधीच गुरफटले होते, त्यांना भावनांबद्दल लिहून आठ महिन्यांनीही बरं वाटलं नव्हतं. त्याच स्वभावाच्या ज्या लोकांनी दिवसभरात काय काय केलं याची साधी रोजनिशी लिहिली, ते मात्र सावरले. भाजी आणली, गाडी धुतली, मुलाला शाळेत सोडलं. मनात तेच तेच घोळवणाऱ्या माणसाला आणखी खोल जायला सांगणं म्हणजे त्याच्या दुखण्यात भर घालणं.

एवढ्यावरून वर्ग घेणाऱ्या लेखकाने तीन प्रश्न तरी विचारायला हवेत. प्रसंग कधीचा आहे? त्याबद्दल आधी कुणाशी बोलला आहात का? आणि झोप लागते का? मध्यंतरी अशा एका ऑनलाइन वर्गात मी कोपऱ्यात बसले होते. हे तीन प्रश्न कुणी विचारले नाहीत. पण त्या लेखिकेला आणखी एक गोष्ट येत होती, आणि ती पाहून माझं या वर्गांबद्दलचं मत थोडं मऊ झालं.

विषय दिला होता: घरातली एक वस्तू, जिचा मालक आता घरात नाही. वीस मिनिटं कॅमेरे बंद. मग मराठवाड्यातल्या एका काकूंनी वाचून दाखवलं. नवऱ्याचा फोन. बँकेचा ओटीपी अजून त्याच नंबरावर येतो म्हणून तो त्या रोज चार्जिंगला लावतात. वाचताना त्या दोनदा थांबल्या. शेवटी ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर मन झुलत राहतं’ अशा वळणाची दोन वाक्यं होती. वाचून संपायच्या आत चॅटमध्ये बदाम आणि हात जोडलेली चित्रं ओळीने येऊ लागली. ‘ताई, रडवलंत.’ ‘स्ट्राँग राहा काकू.’ लेखिका काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “काकू, रात्री तो फोन ठेवता कुठे?” काकू म्हणाल्या, “उशाशी. नाही, म्हणजे फ्रिजवर ठेवत होते आधी. पण बिघडला तर ओटीपी कसा यायचा.” लेखिका म्हणाली, “हे फ्रिजचं आणि उशाचं लिहा. शेवटची दोन वाक्यं तुमची वाटत नाहीत, ती काढून बघा. आणि दुसऱ्यांदा लिहिलेलं इथे वाचायचं की नाही, हे आठवड्याने ठरवा. नाही वाचलंत तरी चालेल.”

तिने दुःखाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, फोनबद्दल विचारलं. चॅटमधल्या पंचवीस जणांनी काकूंना रडणाऱ्या काकू करून टाकलं होतं, तिने त्यांना लिहिणारी बाई म्हणून वागवलं. लेखकाकडून मिळण्यासारखं काही असेल तर ते हे आहे, आणि ते मानसोपचारापेक्षा वेगळं आहे. आठवड्याची मुदत तर मला त्याहून मोलाची वाटली.

कारण पूर्वी ती मुदत टपालखातं फुकटात देत असे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, माणसांत मिसळत नसत, सभासमारंभांना तर नाहीच. पण पत्रं लिहीत, आणि कशी! त्यांच्या निवडक पत्रांचा पहिला खंड सगळा सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. सुनीताबाईंच्या बाजूची पत्रं २००३ साली ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आली. ही पत्रं वाचताना दोन एकटी माणसं एकमेकांना सावरून धरतायत हे सतत जाणवतं, पण सावरण्याचा विषय क्वचितच थेट निघतो. बोलणं चालतं ते पुस्तकांबद्दल, चित्रांबद्दल, एखाद्या लेखकाच्या लबाडीबद्दल. पत्र लिहायचं, पेटीत टाकायचं, उत्तर यायला आठवडा. तोवर आपण काय लिहिलं होतं ते आपल्यालाच थोडं परकं झालेलं असतं. कवी रिल्केने फ्रान्झ काप्पुस या तरुणाला १९०३ ते १९०८ या काळात दहा पत्रं लिहिली, त्यांतही मधे महिने गेलेले दिसतात. आज तोच काप्पुस मध्यरात्री कविता पाठवेल आणि निळ्या खुणा उमटल्या तरी उत्तर का नाही म्हणून पहाटेपर्यंत जागेल.

वेळेचं सोडा, वाचक किती असावेत? या बाबतीत दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची रीत मला शहाणी वाटते. त्यांच्या बारा पायऱ्या १९३९ साली छापल्या गेल्या. चौथ्या पायरीत आपल्या वागण्याचा, मनातल्या रागांचा, झालेल्या नुकसानीचा लेखी हिशेब मांडायचा असतो. पाचव्या पायरीत तो दुसऱ्या एका माणसाला सांगायचा. एकालाच, सभेला नव्हे. ते माणूसही सहसा त्याच वाटेने गेलेलं निवडतात. आपल्याकडेही या गटांच्या बैठकांतून कितीतरी वह्या अशा भरल्या गेल्या आहेत. त्यांतली एकही छापायला जात नाही आणि कुणाला तशी खंतही नसते.

बेबी कांबळे यांनी तर वाचक जवळजवळ शून्यावर ठेवला होता. फलटणला छोटं दुकान होतं. माल बांधायला येणाऱ्या रद्दीतली वर्तमानपत्रं त्या वाचत आणि दुकानातच चोरून लिहीत. लिहिलेलं घरच्यांच्या, विशेषतः नवऱ्याच्या, नजरेस पडू नये म्हणून दडवून ठेवत. हे असं वर्षानुवर्षं चाललं. फलटणला राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्या पाहण्यात ते लिखाण आलं आणि त्यांनी आग्रह धरला म्हणून ‘जिणं आमुचं’ बाहेर आलं, १९८६ साली पुस्तकरूपाने. दडवण्यामागे भीती होती, तिला साधना वगैरे म्हणून गोड करण्यात अर्थ नाही. पण दडवलेल्या वर्षांत ते लिखाण कुणाच्या वाहवेकडे बघून वळलं नाही, हेही खरं. त्यात ‘मी’ कमी आहे आणि ‘आम्ही’ जास्त.

इंटरनेटने या सगळ्याचं काय केलं, त्याचं आज जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकी लेखिका सुलैका जवाद. २२ व्या वर्षी तिला ल्युकेमिया झाला. २०१२ पासून ती इस्पितळातल्या खाटेवरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सदर लिहू लागली. अनोळखी वाचकांची पत्रं, ईमेल येऊ लागली, त्यांत टेक्सासमधला फाशीची शिक्षा झालेला एक कैदीसुद्धा होता. उपचार संपल्यावर तिने काय करावं? गाडी काढली, कुत्र्याला बरोबर घेतलं आणि शंभर दिवसांत १५,००० मैल हिंडून पत्रं लिहिणाऱ्यांपैकी काहींना भेटून आली. २०२१ चं ‘बिट्वीन टू किंग्डम्स’ हे पुस्तक त्यातून झालं. म्हणजे पडद्यावर जुळलेलं नातं पडद्यावर पुरेसं वाटलं नाही, हे तिच्याच वागण्यात दिसतं.

एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, तिने ‘द आयसोलेशन जर्नल्स’ सुरू केलं. रोज एका लेखकाचा किंवा कलावंताचा छोटा मजकूर आणि त्याच्या शेवटी एक प्रश्न, त्यावर आपल्या वहीत लिहायचं. शंभर दिवस. लाखाहून जास्त लोक सामील झाले. बहुतेकांनी लिहिलेलं कुणालाच दाखवलं नाही, दाखवायची सक्तीही नव्हती. माझ्या मते गुण आला तो या व्यवस्थेमुळे. लेखक तुमच्याकडे येतो, तुम्ही लेखकाकडे जायचं नाही. तो बोलतो, आणि तुम्ही आपल्या वहीशी बोलता. लेखकाला लाख लोकांची दुःखं वाचावी लागत नाहीत, आणि लाख लोकांपैकी कुणालाही ‘त्यांनी माझं वाचलंच नाही’ हे नवं दुःख होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आजार उलटला. औषधांनी नजर अंधुक झाली, लिहिणं जमेना, तेव्हा सुलैकाने इस्पितळात जलरंग हाती घेतले. लिहिण्याचा एवढा पुरस्कार करणाऱ्या बाईने ते किती सहज बाजूला ठेवलं, हे तिच्या चाहत्यांनी ध्यानात घ्यावं.

तर मग ऑनलाइन लिहून खरा आजार बरा करता येतो का? येतो, पण तिथे पलीकडे लेखक नसतो. ॲम्स्टरडॅमच्या आल्फ्रेड लांगे यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘इंटरॲपी’ नावाची पद्धत उभी केली. पाच आठवड्यांत दहा वेळा, दर वेळी पंचेचाळीस मिनिटं लिहायचं. प्रशिक्षित उपचारक ते वाचून लेखी उत्तर देतो, पुढे काय लिहायचं ते सांगतो. दोघांची कधीच भेट होत नाही. आधी प्रसंग लिहायचा, डोळ्यांपुढे घडत असल्यासारखा, वर्तमानकाळात. मग असाच प्रसंग ओढवलेल्या एखाद्या मित्राला धीराचं पत्र. स्वतःला न सुचणारं शहाणपण माणसाला मित्रासाठी बरोबर सुचतं. शेवटी संबंधित माणसाला किंवा स्वतःलाच निरोपाचं पत्र, आणि ते कितीतरी वेळा सुधारायचं. पुढे बर्लिनच्या छळपीडितांच्या उपचार केंद्राने हीच पद्धत अरबीत आणली. इराकसारख्या युद्धग्रस्त भागातल्या १५९ जणांवर तिची चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ साली आले आणि ते आशादायक होते. उपचारक अरबी बोलणारे होते, वेगवेगळ्या देशांत बसून काम करत होते.

अमेरिकेत डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांनी समोरासमोरच्या उपचारात लिहिणंच मध्यभागी आणलं. पाच बैठका, प्रत्येकीत अर्धा तास तोच आघात लिहायचा. २०१८ साली १२६ जणांवर या पाच बैठकांची तुलना बारा बैठकांच्या प्रस्थापित उपचाराशी झाली. परिणामात त्या उण्या पडल्या नाहीत. बारा बैठकांचा उपचार दर शंभरांतल्या सुमारे चाळीस जणांनी अर्ध्यावर सोडला, लिहिण्याचा सहा जणांनी. दुखणं तोंडाने सांगण्यापेक्षा लिहिणं अनेकांना सोपं जातं याचा याहून चांगला पुरावा माझ्या वाचनात नाही. पण दोन्हीकडे कागद वाचणारा माणूस काय वाचायचं, कुठे थांबवायचं, कुणाला दवाखान्यात पाठवायचं हे शिकलेला होता. कादंबरी लिहून हे येत नाही. पेनबेकर स्वतः सांगतो, लिहिता लिहिता तोल जातोय असं वाटलं तर थांबा, विषय बदला. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वही आणि वर्ग दोन्ही बाजूला ठेवून केंद्र सरकारच्या टेलिमानसच्या १४४१६ या फुकट नंबरावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

वर्ग निवडणाऱ्यांसाठी दोनचार व्यावहारिक गोष्टी. बैठक रेकॉर्ड होणार का, ती फीत कुणाकडे राहणार, हे आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नका. आपल्या लिखाणात दुसरी जिवंत माणसं असतात, सासू असते, भाऊ असतो, पहिला नवरा असतो. त्यांनी परवानगी दिलेली नसते. वहीत हे चालतं, ४० जणांच्या पडद्यावर चालेलच असं नाही, आणि नंतर ‘जरा बाहेर पाठवलं गेलं’ याला इलाज नसतो. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. तो सोसायला सुनीताबाई होत्या. वाचून दाखवण्याची सक्ती असलेल्या वर्गापासून लांब राहावं. आणि जो लेखक तुमच्या परिच्छेदापेक्षा स्वतःच्या दुःखाबद्दल जास्त बोलतो, त्याचं पुस्तक विकत घ्यावं, ते स्वस्त पडतं.

मराठीत याहून बरं काही उभं राहू शकतं, आणि त्याला लागणारी माणसं इथे आहेत. डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात १९९० साली सुरू केलेल्या ‘आयपीएच’सारख्या संस्था मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. पुण्यात ‘मुक्तांगण’ १९८६ पासून व्यसनी माणसाला त्याची गोष्ट सांगायला बसवत आलं आहे. परदेशातल्या मराठी माणसांना तर १९९६ पासून ‘मायबोली’ या संकेतस्थळावर एकमेकांचं लिखाण वाचायची सवय आहे. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला आपलं दुखणं इंग्रजीत सांगायची वेळ येते तेव्हा निम्मं सांगायचं राहून जातं. त्याच्या दहा पत्रांना ठाण्याहून किंवा नाशकाहून मराठीत उत्तर देणारा उपचारक मिळणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, अरबीत ते झालेलंच आहे. लेखकांचं काम तिथे दोन जागी असेल. सुरुवातीला, लिहायला बसवणारे चांगले प्रश्न तयार करायला, म्हणजे ‘तुमच्या वेदनेबद्दल लिहा’ असले नव्हेत, फोन रात्री कुठे ठेवता या जातीचे. आणि अगदी शेवटी, उपचार संपल्यावर ज्यांना ते लिखाण पुढे न्यायचं असेल, छापायचं असेल, त्यांच्याबरोबर मजकुरावर बसायला. मधले पाच आठवडे त्यांनी तिकडे फिरकू नये.